बायोडाटा, पाच कॉपी

सकाळी पावणेसात

शटर अर्धं वर गेलं की अडकतं. वाकून आत शिरायचं, आतून एक लाथ घालायची, मग ते उरलेलं जातं. चौदा वर्षं हेच चाललंय. आत गेल्यावर पहिलं बटण लॅमिनेशन मशीनचं. ते तापायला दहा मिनिटं घेतं, तेवढ्यात झाडून होतं आणि देवाला उदबत्ती लागते.

चाकणला आंबेठाण रस्त्यावर माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. बोर्डावर झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म असं सगळं लिहिलंय, पण पोट चालतं ते बायोडाट्यावर. कॉलेजची मुलं रिझ्युमे म्हणतात, एचआरवाले सीव्ही म्हणतात, आमच्या रस्त्यावर तो बायोडाटाच. नवीन टाइप करून पाच कॉपी ऐंशी रुपये, जुन्यात दुरुस्ती वीस.

दुकानाआधी नऊ वर्षं मी एका कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. मस्टर, पंचिंग, खाडे, ओव्हरटाइम, शिवाय गेटवर येणारे बायोडाटे गोळा करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. ठेवण्याआधी गठ्ठा मीच चाळायची. पोरगं कोणत्या ट्रेडचं, हात कुठल्या मशीनवर बसलाय आणि सध्या राहतं कुठे, एवढंच बघायचे. बाकीचं साहेब बघतील असं मला वाटायचं. साहेबही एवढंच बघायचे.

सव्वासात

थर्ड शिफ्ट सुटली. डोळे लाल झालेला एक वेल्डर आला. आठ महिन्यांचा नवीन अनुभव टाकायचा, बाकी आहे तसंच. पाच मिनिटांचं काम. प्रिंट द्यायच्या आधी मी कागदावरचा नंबर माझ्या मोबाइलवरून लावला. त्याच्या खिशात रिंग वाजली. "काय हो मॅडम?" "काही नाही, जा, झोप जाऊन."

ही सवय मला एका चुकीने लागली. काही वर्षांपूर्वी एका फिटरच्या नंबरात मी सहाच्या जागी नऊ मारला होता. तो पाच कॉपी वाटून आला, दोन महिने फोनची वाट बघत बसला, मग गावी निघून गेला. दिवाळीनंतर आणखी कॉपी काढायला आला तेव्हा फाइल उघडली आणि मलाच दिसलं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या काकू, नशिबात नसंल." ऐंशी रुपये परत केले, त्याने घेतले नाहीत. तेव्हापासून कागदावरचा नंबर माझ्या फोनवरून वाजल्याशिवाय इथून कॉपी बाहेर जात नाही.

साडेआठ

गेटवरच्या मुलाखतींची गर्दी. आधार, पॅन, पासबुक, आयटीआयची मार्कशीट, सगळ्याचे सेट. या तासात टायपिंग होत नाही. मी फक्त ओरडत असते: ओरिजिनल गेटवर कुणाच्या हातात देऊ नको, झेरॉक्सवर सही कर, पेन ठेव जवळ. पेनं मीच विकते, पाच रुपयाला.

दहा

परभणीकडचा मुलगा, एकवीस-बावीसचा. टर्नर ट्रेड, दोन वर्षांचा आयटीआय. मोबाइलवर एक जाहिरात होती, ग्रुपवर फिरत आलेली. "मॅडम, इथं द्यायचाय. निस्तं नाव-गाव अपडेट करा."

जुना कागद बघितला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, भाषा तीन, छंद क्रिकेट, आणि तळाशी एक ओळ: सीएनसीमध्ये एक वर्षाचा अनुभव. आख्ख्या पानात कामाची ओळ ती एकच, तीही छंदाच्या खाली.

मी जाहिरातीची प्रिंट काढली आणि लाल पेन घेतलं. सीएनसी टर्निंग ऑपरेटर. फॅनुक कंट्रोल. ऑफसेट आणि तपासणी स्वतः करता आली पाहिजे. रोटेशन शिफ्ट. चाकण परिसरात राहणाऱ्यास प्राधान्य. पाचही गोष्टींखाली रेघ मारली. "यातलं तुला काय काय येतं?"

"मी काय लई केलं नाही मॅडम. मशीन चालवायलो फक्त."

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकते. 'फक्त मशीन चालवतो' म्हणणाऱ्याच्या हाताखाली काही लाखांचं मशीन असतं.

"कंट्रोल कोणता होता?"

"फॅनुक."

"पीस कोणता काढायचास?"

"शाफ्ट. पंचवीसचा डाया, प्लस-मायनस वीस मायक्रॉन."

"मोजायचास कशानं?"

"ओडी मायक्रोमीटरनं, लांबी व्हर्नियरनं. पहिला पीस क्वालिटीवाल्याला दाखवायचा, मग दर दहाला एक मीच चेक करायचो."

"आणि डाया तीस मायक्रॉननं प्लस आला तर?"

तो थांबलासुद्धा नाही. "एक्सच्या वेअर ऑफसेटला मायनस झीरो पॉइंट झीरो थ्री. अन् इन्सर्ट बघायचा, कोपरा उडाला असंल तर बदलायचा."

मला टाइम ऑफिसातली बाई म्हणून एवढंच कळतं की हे उत्तर पुस्तकातलं नाही, हाताचं आहे. आणि ते त्याच्या कागदावर कुठेच नव्हतं. टर्निंग शॉपच्या सुपरवायझरला नवीन पोरगं घेताना धाकधूक असते ती अशी: टूल नेऊन चकला धडकवेल का, साइज गेलेले पीस गुपचूप ट्रेमध्ये टाकेल का, आणि गणपतीला गावी गेला की परत येईल का. छंदातल्या क्रिकेटने यातली एकही कमी होत नाही.

"एक वर्ष म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?" आता तो बोटांवर मोजायला लागला. आधी सात महिने, मग कॉन्ट्रॅक्टरने ब्रेक दिला, महिनाभर घरी, मग त्याच कंपनीत पुन्हा बारा महिने. ब्रेकच्या आधीचे सात महिने त्याने सोडून दिले होते. "ते धरायचे असतेत का?"

धरायचे असतात. गरिबाचं पोरगं अनुभव फुगवतं असं साहेबलोक म्हणतात. माझ्या खुर्चीतून उलटंच जास्त दिसतं. कॉन्ट्रॅक्टवरचे महिने, ट्रेनी म्हणून काढलेले महिने, अ‍ॅप्रेंटिसशिपचं वर्ष हे सगळं ते स्वतःच खोडून टाकतात, कारण ते 'परमनंट' नव्हतं. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ सालचा आहे, त्याखालचं सर्टिफिकेट सरकारी असतं, तरी मुलं ते गादीखाली ठेवून येतात.

नवीन कागद असा झाला. वर नाव, त्याखाली मोबाइल आणि सध्याचा पत्ता, म्हणजे खोली जिथे आहे तो. परभणीचा पत्ता एकदम तळाला. मग एक ओळ: सीएनसी टर्निंग ऑपरेटर, फॅनुक कंट्रोल, १९ महिने. त्याखाली काम: शाफ्ट टर्निंग, ±०.०२ मिमी, वेअर ऑफसेट देणे, इन्सर्ट बदलणे, मायक्रोमीटर व व्हर्नियरने स्वतः तपासणी, एका शिफ्टला दोन मशीन. तिन्ही शिफ्ट चालतील. मग आयटीआय, वर्ष, टक्के. वडिलांचं नाव अर्जात लागतंच, ते इथे कशाला?

रिजेक्शन किती व्हायचं, हेही विचारलं होतं. "महिन्यात एखादा पीस," म्हणाला. ते मी लिहिलं नाही. खरं असेल, पण समोरच्याला पटणार नाही, आणि एका न पटणाऱ्या ओळीमुळे वरच्या पाच खऱ्या ओळींवर शंका येते.

"प्रोग्रामिंग पण टाका ना मॅडम. सगळे टाकतेत."

"प्रोग्राम लिहिता येतो?"

"वाचता येतो. जी-कोड, एम-कोड कळतेत. लिहिला नाही कधी."

"मग 'प्रोग्राम वाचता येतो' लिहू." त्याला ते थोडं कमी वाटलं. मी टाइप केलं, आणि मग त्याला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. कागद इंग्रजीत असला तरी ज्याचा आहे त्याला तो वाचता आलाच पाहिजे. अडखळला तो शब्द मी बदलते. दोन बदलले.

बारा

धोतर-टोपीतले एक काका आले, खेडच्या बाजूचे. मुलाला कंपनीत चिकटवायचंय, कुणीतरी बायोडाटा मागितलाय. पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला कागद काढला. वर गणपती, खाली रास, गण, नाडी, देवक, मामांचं गाव, बागायत चार एकर, दोन बहिणी, दोघी विवाहित. शेवटी 'अपेक्षा: मुलगी शिकलेली व घरकामाची आवड असणारी'.

"काका, हा लग्नाचाय."

"मग? बायोडाटाच म्हणले ते."

हसू आवरलं. पण ते गेल्यावर तो कागद डोक्यातून गेला नाही. लग्नाचा बायोडाटा आपल्याकडे अडाणी माणूसही चोख लिहितो. बहिणी विवाहित, हे का लिहिलंय? कारण मुलीचा बाप मनात विचारणारच की नणंदांची लग्नं अजून व्हायची आहेत का. बागायत शब्द का? कारण नुसतं चार एकर म्हटलं तर विहिरीला पाणी आहे का, हा प्रश्न राहतो. समोरच्या घराला काय हवंय, कशाची धास्ती आहे, हे तिथे प्रत्येकाला पाठ असतं. नोकरीच्या कागदावर तोच माणूस छंद लिहून मोकळा होतो, कारण कंपनीच्या गेटच्या आत कुणाला काय हवंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

एकदा पुरवणीत लिओनार्दो दा विंचीबद्दल वाचलं होतं. तिशीतला असताना, १४८२च्या सुमारास, त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. स्फोर्झाला लढायांची चिंता होती, म्हणून पत्रभर हलके पूल, तोफा, वेढा घालायची यंत्रं, भुयारं. चित्रकला आली ती अगदी शेवटी, शांततेच्या काळात हेही करू शकतो म्हणून. आणि शंका असेल तर तुमच्या बागेत ट्रायल घ्या, असंही लिहिलंय. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच: पत्राचा जो मसुदा आज शिल्लक आहे, त्यातलं अक्षर लिओनार्दोचं नाही, असं जाणकार म्हणतात. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. किती घेतले असतील त्या लिहिणाऱ्याने?

काकांच्या मुलाला संध्याकाळी स्वतःला यायला सांगितलंय. बापाने सांगितलेला अनुभव मी टाइप करत नाही.

दीड

डबा. मेथी आणि भाकरी. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि कॉम्प्युटर, झेरॉक्स बंद. वीस मिनिटं निवांत मिळाली.

तीन

एक बाई बराच वेळ बाहेरच उभी होती. आत बोलावलं. बत्तीस-तेहतीसची, हातात शाळेची पिशवी, त्यात बारावीची मार्कशीट आणि एका कंपनीचं जुनं ओळखपत्र, लॅमिनेशन सुटलेलं.

"ताई, मला काही अनुभव नाही म्हणजे... होता. आता नाही."

अनुभव संपतो कसा, ते मला अजून कळलेलं नाही. लग्नाआधी साडेतीन वर्षं वायरिंग हार्नेसच्या लाइनवर होती. गाडीतल्या वायरींचा जो जुडगा असतो, तो बोर्डावर मांडायचा, टेप मारायची, कनेक्टर बसवायचे. नंतर तिला क्रिम्पिंगला टाकलं होतं. मी विचारलं, क्रिम्पिंग बरोबर झालं हे कळायचं कसं? ती सांगायला लागली आणि बोलताबोलता तिची बोटं टेबलावर हलायला लागली. क्रिम्पची उंची मायक्रोमीटरने मोजायची, वायरची एकही तार बाहेर दिसता कामा नये, सकाळी पहिले नमुने ओढून बघायच्या टेस्टला जायचे. आठ वर्षं झाली, बोटांना सगळं आठवत होतं.

मग आठ वर्षांचा खड्डा. हा खड्डा कागदावर लपवायचे पुष्कळ उपाय मुलं मला सांगतात: वर्षं लिहूच नका, नुसतं 'साडेतीन वर्षं' लिहा. पण वाचणारा नेमकं तेच शोधतो. तारखा नसलेला अनुभव दिसला की मी टाइम ऑफिसात असताना कागद बाजूला ठेवायची. उगाच कशाला, बाकी गठ्ठा पडलाय. तारखा लिहायच्या, आणि मधल्या काळात काय केलं तेही एका ओळीत लिहून टाकायचं.

"मधे काय केलं?"

"काही नाही. घरीच. मुलं लहान होती." मग जरा थांबून, "तीन वर्षं झाली, पोरांचे डबे करते. कॉट बेसिसवर राहतात ना बाजूला, त्यांचे. चौदा डबे."

"किती वाजता?"

"साडेपाचला द्यावे लागतात, फर्स्ट शिफ्टवाल्यांना."

"खाडा?"

तिला प्रश्न लागला असावा. ताठ बसली. "सासरे वारले तेव्हा तीन दिवस. बाकी एकही नाही."

टाइम ऑफिसातल्या माणसाला हे वाक्य सोन्यासारखं आहे. लहान मुलांच्या आईला कामावर घेताना साहेबाच्या मनात एकच असतं: ही येईल का रोज? तो ते विचारत नाही, नुसताच कागद खाली सरकवतो. म्हणून मी लिहिलं: गेली ३ वर्षे १४ कामगारांचे डबे, दररोज पहाटे ५:३० वाजता पोच. तिला लाज वाटली. "ताई, हे बरं दिसेल का? स्वयंपाकाचं कंपनीच्या कागदावर?"

माझंही मन पुढे-मागे झालं, खोटं कशाला बोलू. एखादा साहेब हसेलही. पण ती ओळ मी हार्नेसच्या अनुभवाखाली ठेवली, वर नाही. वर क्रिम्पिंग, टेपिंग, बोर्ड असेंब्ली, कंटिन्युइटी टेस्टिंग. म्हटलं, मुलाखतीत विचारलं तर लाजू नको, वेळ सांग. त्याखाली 'फर्स्ट व जनरल शिफ्ट', आणि बस कुठल्या चौकात पकडता येईल तेही.

मोबाइल नंबर नवऱ्याचा दिला. लावून बघितला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तो सेकंड शिफ्टला, आणि त्यांच्याकडे शॉप फ्लोअरवर फोन चालत नाही, लॉकरला ठेवतात. म्हणजे एचआरचा फोन दुपारी तीननंतर आला तर रात्री अकरापर्यंत तो लॉकरमध्ये वाजणार. एचआरवाला दोनदा लावतो, तिसऱ्यांदा खालच्या नावाला लावतो.

"तुमचा स्वतःचा नाही का?"

"आहे जुना, बटणांचा. रिचार्ज नाही."

कॉपी काढल्या नाहीत. म्हटलं, नंबर ठरवून या. फाइल ठेवते.

सव्वापाच

मेकॅनिकल इंजिनिअर, यंदाच पास. पेन ड्राइव्हमध्ये चार पानी रिझ्युमे, दोन रकान्यांचा, बाजूला निळी पट्टी, कौशल्यांपुढे चांदण्या. इंग्रजीला तीन, टीमवर्कला पाच. पहिल्याच ओळीत ध्येय: आव्हानात्मक वातावरणात स्वतःच्या व संस्थेच्या वाढीसाठी वगैरे. हे ध्येय मी इतक्यांदा प्रिंट केलंय की कीबोर्डला पाठ असेल.

"मॅडम, अ‍ॅपवर एटीएस स्कोअर बासष्टच येतोय. नव्वद करायचाय."

मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर आधी हे एटीएस नावाचं सॉफ्टवेअर कागद वाचतं, हे खरं आहे. त्याला रकाने आणि चित्रातली अक्षरं कधी कधी नीट वाचता येत नाहीत. म्हणून तिथे साधा एका रकान्याचा कागद, आणि जाहिरातीत शब्द 'इन्स्पेक्शन' असेल तर आपल्याकडेही 'इन्स्पेक्शन'च, 'चेकिंग' नाही. पण सॉफ्टवेअरच्या पुढे शेवटी माणूस बसलेलाच असतो.

कागद मोबाइलकडून लिहून घेतलेला होता, ते दिसतच होतं. हल्ली सगळ्यांचं इंग्रजी एकदम झकास आणि एकसारखं झालंय. प्रोजेक्टपुढे लिहिलं होतं की त्याने तो 'स्पीअरहेड' केला.

"स्पीअरहेडेड म्हणजे रे काय?"

तो गडबडला. "म्हणजे... भाला?"

दोघंही हसलो. मग त्याने खरं सांगितलं. प्रोजेक्ट चौघांचा होता, भंगारातून कांद्याची प्रतवारी करायची चाळणी बनवली होती, याच्याकडे ड्रॉइंग आणि वेल्डिंग. चाकणच्या बाजारात नेऊन चालवूनही बघितली, ओल्या कांद्याला अडकायची, म्हणून सळ्यांमधलं अंतर बदललं. हे सगळं त्या चार पानांत नव्हतं! मी तीन पानं काढून टाकली. चांदण्या गेल्या, पासपोर्टचा रकाना गेला, 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र गेलं. चाळणीला पाच ओळी मिळाल्या. तो फार खूश नव्हता. निळी पट्टी त्याला हवी होती. ती ठेवली, ऐंशी रुपये त्याचे आहेत.

पावणेसात

काकांचा मुलगा आलाच नाही. दुसराच एक आला, हळू आवाजात. दोन वर्षं गावी शेती केली, त्या जागी एका बंद पडलेल्या कंपनीचा अनुभव टाकायचा. सर्टिफिकेट पण करून द्या, डबल घ्या.

त्याला पीएफचं समजावलं. २०१४पासून यूएएन आला, एकाच नंबराखाली कुठल्या कंपनीने कधी पैसे भरले ते दिसतं, जॉइन होताना तो नंबर मागतात. शेतीच लिही, ट्रॅक्टर, मोटर, पंप स्वतः खोलतोस ना, ते लिही, मेंटेनन्सला कामाचं आहे. तो "बघतो" म्हणून समोरच्या दुकानात गेला. तिथे असलं काम होतं. गेल्या वर्षी असाच एकजण तिकडे गेला होता, आणि पंधरा दिवसांनी कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये माझ्याकडेच झेरॉक्सला आला. मी त्याला झेरॉक्स दिल्या.

पावणेनऊ

लॅमिनेशन मशीन बंद केलं. दिवसाचे अकरा बायोडाटे, बाकी झेरॉक्स. हिशोब वहीत टाकत होते तेवढ्यात डबेवाली बाई धावत आली, मागे पोरगा शाळेच्या चड्डीवर.

"ताई, रिचार्ज केला. हा घ्या नंबर."

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. जुना नंबर काढून नवा टाकला, तिला एकेक आकडा म्हणायला लावला. आणि मग माझ्या फोनवरून लावला. पिशवीत, मार्कशीटच्या खाली कुठेतरी, वाजायला लागला. तिने घाईघाईने बाहेर काढला, बटण दाबलं आणि माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून नीट, साहेबाशी बोलावं तसं म्हणाली, "हॅलो?"

मीही इकडून हॅलो म्हटलं, आणि प्रिंटला पाच कॉपी दिल्या.